खाल्ल्याची नोंद

"धरली! मॅडम, धरली त्यानं गोळी!"

प्रेमदास ओरडला तशा प्राणिशास्त्राच्या ज्योती मॅडम हातातलं लाल पेन न मिटताच प्रयोगशाळेतून धावत आल्या. प्राचार्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात काचेची मोठी टाकी होती. तिच्यापुढे दोघं उभे राहिले. मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात, आडव्या धरलेल्या सुरीसारखा स्थिर होता. तोंड मिटलेलं. हनुवटीच्या दोन मिशा पुढे ताठ.

"कुठंय?"

"आत हाय. तोंडात."

माशाचे कल्ले उघडले, मिटले. पुन्हा उघडले. मग खालचा जबडा पेटीच्या कडीसारखा खाली आला आणि तपकिरी गोळी बाहेर पडली. अख्खी. थोडी फुगलेली. ती तरंगत काचेला जाऊन लागली आणि तिथंच राहिली.

"थुंकली," मॅडम म्हणाल्या.

"चाखून तर पाह्यली," प्रेमदास म्हणाला.

*

११ फेब्रुवारी २००४. सकाळी. गोळ्या ३. न खाल्ले.
११ फेब्रुवारी. सायंकाळी. जिवंत मासोळ्या ५. खाल्ले.

*

हे रजिस्टर मॅडमनी घातलं होतं. रकाने त्यांनीच पट्टीने आखले: तारीख, वेळ, काय दिले, खाल्ले / न खाल्ले, सही. सही प्रेमदासची.

प्रेमदास आडे. प्रयोगशाळा परिचर. हिंगोलीच्या या कॉलेजात अठरा वर्षं. त्यातली बारा त्याने बेडूक पकडण्यात घालवली. कयाधू नदीच्या काठाने सकाळी सहाला निघायचं, पोतं भरायचं, पोरांच्या मेणाच्या ताटांत ते बेडूक पालथे-उताणे टाचून द्यायचे, उरलेलं दुपारी पुरायचं. मग बेडूक कापायला बंदी आली. त्यानंतर तो बरण्या पुसायचा. फॉर्मलिनमधला साप, फॉर्मलिनमधला दोन डोक्यांचा बकरीचा गर्भ, फॉर्मलिनमधला त्याने स्वतः पकडलेला शेवटचा बेडूक. नोकरीत जिवंत राहील असं काही त्याच्या हवाली कधी केलं गेलं नव्हतं.

हा मासा पहिला.

कॉलेजचा दर्जा ठरवायला एप्रिलमध्ये समिती येणार होती. कुणीतरी प्राचार्यांना सांगितलं की दाराशी चांदीचा मासा असला की येणाऱ्याचं मन प्रसन्न होतं. प्राचार्यांनी हैदराबादहून जीपमधून, हवा भरलेल्या पिशवीत, मांडीवर धरून तो आणला. अरोवाना. दीड वीत लांब. येताना दुकानदाराने एक डबा दिला होता. झाकणावर माशाचं चित्र आणि कुणालाच वाचता न येणारी अक्षरं.

"हेच खायला घालायचं," प्राचार्य म्हणाले. "फक्त हेच. समितीच्या पुढं जिवंत मासोळ्या मारून खाऊ घातलेल्या बऱ्या दिसत नाहीत. कळलं का?"

"व्हय सर."

"आणि खात नसला तर उपाशी ठेवा. झक मारत खाईल."

*

मॅडमनी एक कागद काचेवर चिकटवला:

१. जिवंत
२. मेलेली
३. दोऱ्यावरची
४. लपवलेली
५. गोळी

"शिकारी मासा आहे, प्रेमदासभाऊ," त्या म्हणाल्या. "याला हलतं तेच अन्न वाटतं. पडून राहिलेलं ते अन्न नाहीच. त्याला एकेक पायरी उतरवायचं. आणि प्रत्येक पायरीआधी दोन-तीन दिवस काहीही द्यायचं नाही. भूक आपलं निम्मं काम करते."

प्रेमदासने मान हलवली. मग विचारलं, "काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

*

जिवंत

सखुबाई भोईण कयाधूच्या डोहावर बसायची. नदी वाहायची थांबली होती, पण पुलाखालच्या डोहात पाणी होतं आणि त्यात बोटभर मासोळ्या होत्या. प्रेमदास रोज संध्याकाळी कॉलेज सुटताना सायकलवरून जायचा आणि प्लास्टिकच्या बाटलीत पाचसहा घेऊन यायचा.

"किती गिऱ्हाईकं पाह्यली म्या," सखुबाई म्हणायची. "कोनी चिलापी मागतंय, कोनी मरळ मागतंय. तूच येकला मासोळीसाठी मासोळी नेऊन राहिला."

"सायबाचा हाय तो."

"सायबाला सांग, ह्यो डोह चैतापस्तोर हाय. मंग तुझ्या पाव्हण्याला काय, माती चारतू?"

टाकीत बाटली उलटी केली की मासा जागचा हलायचाही नाही. नुसती शेपटी एकदा वळायची. मासोळी असलेल्या जागी मासोळी नसायची. आवाज यायचा, ओल्या फडक्याने पाट पुसल्यासारखा. प्रेमदासला तो आवाज आवडायचा. पोट भरल्याचा आवाज असतो, असं त्याने बायकोला, मिनाला, सांगितलं. मिना म्हणाली, "घरी बी कधी ऐकत जा."

*

मेलेली

२० फेब्रुवारी. मेलेल्या मासोळ्या ४. न खाल्ले.
२१ फेब्रुवारी. मेलेल्या मासोळ्या ४. न खाल्ले.
२२ फेब्रुवारी. काही नाही.
२३ फेब्रुवारी. काही नाही.
२४ फेब्रुवारी. मेलेल्या मासोळ्या ४. न खाल्ले.

"आश्चर्य आहे," मॅडम टाकीपुढे वाकून म्हणाल्या. "पाच दिवस झाले. पोट तर चांगलं भरलेलं दिसतंय."

प्रेमदास खाली वाकून टाकीचं बूड पुसू लागला.

पाचही दिवस कॉलेज सुटल्यावर, सगळे गेल्यावर, त्याने बाटली उलटी केली होती. हे काही रजिस्टरात लिहिता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी रकाना नव्हता.

*

दोऱ्यावरची

ही पायरी त्याची स्वतःची. मॅडमनी चिमट्याने मेलेली मासोळी हलवून पाहिली, मासा मागे सरला. काडीने पाहिली, तो कोपऱ्यात गेला. तेव्हा प्रेमदासने मिनाच्या पेटीतला कशिद्याचा लाल दोरा आणला. तिची आई त्या दोऱ्याने कापडावर काचा टाचायची. मिना आता वर्षात एखादी पिशवी करायची, पण दोरा जपून ठेवलेला होता.

त्याने दोरा मासोळीच्या पाठीतून ओवला. हात पाण्याच्या वर धरला आणि बोटं अशी हलवली की मेलेली मासोळी घाबरली.

मॅडम जवळ आल्या. "हे कसं केलंत?"

"घाबरल्यावर ती वाकडी पळती, मॅडम. सरळ न्हाई."

त्याच वेळी आवाज आला. दोऱ्याचं टोक रिकामं वर आलं.

त्या दिवशी प्रेमदासने सही करताना आपलं नाव पूर्ण लिहिलं. व्हरांड्यात पोरं जमली. प्राचार्य बाहेर आले आणि "अरे वा, प्रेमदास, कळसूत्री बाहुल्या!" म्हणाले. बडे बाबू किसनराव, म्हणजे कॉलेजचे हेड क्लार्क, त्यांनी स्वतः दोरा धरून पाहिला. मासा वळलाही नाही. "ह्यो तुलाच वळकतो रं," किसनराव म्हणाले. "बराबर तांड्याचा दिसतो." सगळे हसले, प्रेमदासही हसला.

सतरा दिवस मासा दोऱ्यावरचं खात होता. सतरा दिवस रजिस्टरात खरं होतं.

*

लपवलेली

मॅडमनी घाई केली. त्यांच्यावरही घाई होती. प्राचार्यांनी त्यांना समितीपुढे मांडायला चार पानांचं टिपण करायला सांगितलं होतं. मांसाहारी माशास कृत्रिम खाद्याची सवय, एक स्थानिक प्रयोग.

कोंबडीचं काळीज आणायचं, त्याला बारीक चीर द्यायची, आत गोळी बसवायची, दोऱ्याला बांधायचं, हलवायचं.

पहिल्या दिवशी माशाने ते गिळलं. दुसऱ्या दिवशी गिळलं आणि थोड्या वेळाने नुसती गोळी परत आली, काळजातून सोलून काढल्यासारखी. तिसऱ्या दिवशी काळीज आणि गोळी दोन्ही परत आली. चौथ्या दिवशी तो दोऱ्याजवळ आला, त्याच्या मिशा दोऱ्याला लागल्या, आणि तो वळला. पाचव्या दिवशी प्रेमदासने गोळी न घालता नुसती मासोळी बांधली. घाबरवली. वाकडी पळवली. मासा कोपऱ्यातून पाहत राहिला.

"दोऱ्याचा बी इस्वास गेला त्याचा," प्रेमदास म्हणाला.

"मग आता थेट पाचवी पायरी," मॅडम म्हणाल्या. "दुसरा इलाज नाही. फक्त गोळी. आठ दिवस, दहा दिवस, खाईपर्यंत. मोठा मासा महिनाभर उपाशी राहू शकतो, मी वाचलंय. मी उद्यापासून पेपर तपासायला नांदेडला आहे. रजिस्टर तुमच्यावर."

"मॅडम, मांगच्यावानी जितं दिलं तर..."

"मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाही. कितीही वाटलं तरी द्यायचं नाही. शब्द द्या."

त्याने दिला.

*

गोळी

"खाल्लं का?" प्राचार्य सकाळी खोलीत शिरताना विचारायचे.

"न्हाई सर."

"खाल्लं का?" दुपारी.

"न्हाई सर."

"अरे, काय चाललंय काय? मॅडमनी टिपण दिलंय छापायला. खाल्लं का?"

चौथ्या दिवशी, २४ मार्चला, प्राचार्यांच्या हातात छापून आलेली पानं होती. वरच्या पानावर माशाचा फोटो. ते थांबले नाहीत, चालता चालताच त्यांनी विचारलं. आणि प्रेमदास म्हणाला,

"खाल्लं सर."

*

बहात्तरच्या दुष्काळाची वर्षं. जिल्हा तेव्हा परभणी होता. सेनगावच्या पलीकडे माळावर बंजाऱ्यांचा तांडा. प्रेमदास दहा-अकरा वर्षांचा.

याडी, म्हणजे आई, सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. दुपारी कामावर सुकडी वाटायचे. गुळाची, पिठाची, कोरडी, भुगा होणारी. ती आपल्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधून प्रेमदासच्या हातात द्यायची. "बुढ्याला दे. समोर बसून खाऊ घाल."

बुढा म्हणजे लखमा, त्याच्या बापाचा बाप. तो झोपडीच्या सावलीत बसून असायचा. परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकर त्याने पहिल्याच दिवशी कुत्र्यापुढे टाकली होती. कुत्र्याने हुंगली होती. सुकडीला त्याने हात लावला नाही.

"आमच्या बापानं बैलाच्या पाठीवर धान्य वाह्यलं," तो म्हणाला. "मुलूखच्या मुलूख खाऊ घातले. आन् मी फडक्यातलं खाऊ? तू खा."

"याडी इचारल."

"सांग, बुढ्यानं खाल्लं."

प्रेमदास पळसाच्या मागे जाऊन खायचा. सुकडी घशात अडकायची, पण गोड असायची. फडकं झटकून परत न्यायचा. संध्याकाळी याडी खडीच्या धुळीने पांढरी होऊन यायची, हात धुवायच्या आधी विचारायची.

"खाल्लं का?"

"खाल्लं."

असे वीस दिवस. कदाचित पंचवीस. बुढा गेला तेव्हा त्याचं पोट पाठीला लागलेलं होतं. याडीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि जमलेल्या बायकांना म्हणाली, "खाऊन-पिऊन गेला, तेवढं बरं झालं."

बुढ्याला ते खाणं खरंच नको होतं, की नातवाला द्यायचं होतं, हे प्रेमदासला तेव्हा कळलं नाही. नंतरही कळलं नाही. विचारायला याडीही राहिली नाही.

*

२४ मार्च. गोळ्या ४. खाल्ले.
२५ मार्च. गोळ्या ४. खाल्ले.
२६ मार्च. गोळ्या ५. खाल्ले.

सकाळी टाकलेल्या गोळ्या तो अकराच्या सुमारास गाळणीने काढून घ्यायचा. संध्याकाळी बाटली उलटी करायचा. मासा खायचा, आवाज यायचा, पोट भरायचं. यात कुणाचं काय नुकसान आहे, असं त्याने स्वतःला विचारून पाहिलं. मॅडम नांदेडहून आल्या, रजिस्टर वाचून त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही केलंत, प्रेमदासभाऊ," त्या म्हणाल्या. टिपणाच्या शेवटच्या पानावर त्यांनी त्याचं नाव घातलं होतं. श्री. प्रेमदास आडे यांच्या सहकार्याने. छापलेलं आपलं नाव तो पहिल्यांदाच पाहत होता. ते पान त्याने घरी नेलं नाही.

५ एप्रिलला सखुबाई डोहात गुडघ्याएवढ्या चिखलात उभी होती.

"सपलं," ती म्हणाली. "आज ह्या दोन हायेत, त्या बी अर्ध्या मेल्यात. आता आखाडात ये."

"दुसरीकडं कुठं?"

"वारंगा फाट्याच्या अंगाला कालव्याला पाणी सोडत्यात म्हनं. जा तितवर. पाव्हणा तुझा हाय."

त्याने रजेचा अर्ज लिहिला. किसनरावांनी तो वाचलाही नाही. "समिती हुईस्तोर कोनालाच रजा न्हाई. काहून पाह्यजे? मयत झाली का कोनी?"

"न्हाई."

"मंग?"

प्रेमदासने अर्ज घडी करून खिशात ठेवला.

*

५ एप्रिल ते १८ एप्रिल. सकाळ-सायंकाळ गोळ्या. खाल्ले. खाल्ले. खाल्ले.

या चौदा दिवसांत त्याने काय काय आणलं: बाजारातल्या रोहूच्या पट्ट्या. गांडूळ, तीन हात खणून एक. नाकतोडे शोधले, शेतं उघडी, धसकटंसुद्धा वाळलेली. झुरळं मागितली, समितीसाठी सगळ्या इमारतीत औषध मारलेलं, मेलेली झुरळंही विषारी. लाल दोरा. पिवळा दोरा. दोऱ्याशिवाय नुसता हात. एका दुपारी त्याने बोट पाण्यात घालून वाकडंतिकडं पळवलं. मासा जवळ आला. तोंड उघडलं. बोटाला जबड्याची कड लागली, कंगव्याच्या दातांसारखी बारीक. प्रेमदासने हात मागे घेतला नाही.

माशाने बोट सोडून दिलं.

*

१९ एप्रिल.

समितीत चौघं होते. पोरींनी ओवाळलं, फुलं दिली. व्हरांड्यात आल्यावर सगळे टाकीपुढे थांबले. मासा बारीक झाला होता, पण लांब आणि चांदीचा होता. नव्या दिव्याखाली तो बारीक नव्हे, सडपातळ दिसत होता.

"सुंदर है," त्यांतले उंच गृहस्थ म्हणाले. "क्या खाता है?"

"पेलेट, सर," प्राचार्य म्हणाले. "ये मछली नॉर्मली जिंदा शिकार खाती है. हमारे डिपार्टमेंट ने इसको ट्रेनिंग दी. छोटासा रिसर्च है हमारा." आणि हळूच, "दाखव, प्रेमदास."

प्रेमदासने डब्यातली एक गोळी घेतली. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसत होत्या. त्यांना खात्री होती.

गोळी पाण्यावर पडली. मासा चौदा दिवसांचा उपाशी होता. तो वर आला, जबडा उघडला, गोळी नाहीशी झाली.

समितीने टाळ्या वाजवल्या. उंच गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. किसनराव पुटपुटले, "लै भारी." सगळी माणसं ग्रंथालयाकडे वळली, चपलांचे, साड्यांचे आवाज व्हरांड्याच्या टोकाला गेले.

प्रेमदास एकटाच थांबला. कल्ले उघडले, मिटले. उघडले, मिटले. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. तो पुटपुटत होता, "गिळ. बापा, गिळ."

गोळी बाहेर आली.

त्याने बाही वर न करताच पाण्यात हात घातला, गोळी उचलली आणि खिशात ठेवली.

*

मे महिन्याच्या सुट्टीत प्राचार्यांच्या घरी.

"सर, मासा खात न्हाई."

"कोण? ये, बस. पत्र आलंय, चांगला दर्जा मिळाला आपल्याला. पेढा घे."

"सर, गोळी खात न्हाई त्यो. कधीच खाल्ली न्हाई."

"अरे, सगळ्यांसमोर खाल्ली की!"

"मांगून थुंकली."

"मागून!" प्राचार्य मनापासून हसले. "मागचं कोण बघतंय, प्रेमदास? तू पण ना. बरं, रजिस्टरात काय आहे?"

"खाल्ले."

"मग झालं तर. घे, दोन घे. लेकरांना ने."

प्रेमदासने एक पेढा खाल्ला. दुसरा हातात धरून तो फाटकाबाहेर आला.

*

दुसऱ्या दिवशी त्याने एस.टी.ने वारंगा फाटा गाठला. तेलाचा धुतलेला पांढरा कॅन बरोबर. कालव्याला खरंच पाणी होतं. दोन तास धोतराच्या फडक्याने पाणी गाळून तीस-बत्तीस मासोळ्या जमल्या. परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "कॅनमदी काय हाय?"

"मासे. जिते हायेत."

"जिते? ह्या उनात? काढा, मांगं ठिवा, इंजिनजवळ नगा ठिवू." मग तिकीट फाडत, "घरी पाळता का?"

"सायबाचे हायेत."

कळमनुरीला गाडी तास-दीड तास थांबली, टायर बसलं होतं. प्रेमदास हँडपंपावर जाऊन कॅनमधलं पाणी बदलत राहिला. मेलेल्या वर यायच्या, त्या तो काढून टाकायचा. हिंगोलीला कॉलेजचं कुलूप उघडलं तेव्हा सात राहिल्या होत्या.

त्याने त्या सातही सोडल्या.

मासा वरच्या थरात होता. त्याचा एक डोळा खाली वळला. मासोळ्या घाबरल्या नाहीत. त्यांना हा कोण आहे ते माहीत नव्हतं. एक तर त्याच्या मिशीला जाऊन टोचली. शेपटी वळली नाही. आवाज आला नाही. प्रेमदास दिवस मावळेपर्यंत स्टुलावर बसला. भूक एका हद्दीच्या पलीकडे गेली की ती भूक राहत नाही, हे त्याला माहीत होतं. मॅडमच्या कागदावर ती पायरी नव्हती.

त्याने सुट्टीत नांदेडला असलेल्या मॅडमना फोन लावला.

"नळीने भरवता येतं का बघू," मॅडम तिकडून म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले म्हणालात?"

"सव्वा म्हयना."

"आणि रजिस्टर?"

"खोटं हाय ते."

"प्रेमदासभाऊ, मला आधी सांगायचं होतंत."

"व्हय," तो म्हणाला.

*

मासा २९ मे रोजी गेला. तो बुडाला नाही, वरच तरंगत राहिला, थोडा कलता. प्रेमदासने त्याला दोन्ही तळव्यांवर घेतलं. कॉलेजच्या रीतीप्रमाणे फॉर्मलिन केलं, बरणी धुतली. सगळ्यात लांब बरणीतही तो सरळ मावेना. शेपटीकडे थोडा वाकवावा लागला. बेडकांना बसवताना त्याचा हात कधी थांबला नव्हता.

चिठ्ठीवर नाव, तारीख. कारणाची ओळ त्याने कोरी ठेवली. मग कपाटातून रजिस्टर काढलं.

*

जूनमध्ये कॉलेज उघडलं. साठ्याची तपासणी होती; किसनराव एकेक वस्तू आणि एकेक रजिस्टर बघत प्राणिशास्त्रात आले. वाटेत व्हरांड्यात त्यांनी टाकी पाहिली होती. सात मासोळ्या जरा मोठ्या झाल्या होत्या. प्राचार्य त्यांच्यापुढे उभे राहून कुणा पालकाला सांगत होते, "गोळीच खातात. हाताने टाका, लगेच वर येतात."

खरंच यायच्या. पहिल्या आठवड्यापासूनच. मोठा मासा वर थिजलेला असायचा आणि त्या त्याच्या पोटाखालून येऊन त्याच्या वाट्याच्या गोळ्या खायच्या.

किसनरावांनी रजिस्टर उघडलं. चष्मा वर केला.

"हे काय गिचमिड केली? 'खाल्ले' खोडून 'न खाल्ले'. ह्या पानावर, हितं बी, हितं बी. चोवीस मार्चापसून समदंच. प्रेमदास, असं खोडत असत्यात का? सालं, तपासनीला काय दाखवू मी?"

"खरं हाय ते लिवलं, बडे बाबू."

"खरं लिवायचं त्या दिशीच लिवायचं असतं." त्यांनी पान उलटलं, मग आणखी एक. शेवटच्या नोंदीच्या खाली, दोन ओळी सोडून, त्याच निळ्या शाईत, त्याच रकान्यांत एक ओळ होती. किसनरावांनी ती बोट ठेवून मोठ्याने वाचली.

"मे १९७३. दुपारी. सुकडी. लखमा. न खाल्ले."

त्यांनी वर पाहिलं. "त्र्याहत्तरला ह्यो मासा कुठं व्हता? लखमा कोन?"

"आमचा बुढा."

पंखा फिरत होता. बरण्यांच्या रांगेत नवी बरणी सगळ्यात उंच होती, तिच्यावर अजून धूळ नव्हती. किसनरावांनी खोडायला लाल पेन उघडलं. ते ओळीवर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, कुरुंद्याचे होते, सुकडी काय असते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"ह्या ओळीपुढं सही न्हाई," ते म्हणाले. आवाज कोरडाच होता. "सही नसली तर नोंद धरत न्हाईत."

प्रेमदासने रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि सही केली. नाव पूर्ण लिहिलं. मग दहाची घंटा झाली, आणि तो टाकीत गोळ्या टाकायला गेला.